नाव सगळ्यात शेवटी

आमच्या घरात भांडी किती आहेत ते मला नक्की सांगता येणार नाही, पण त्यांतल्या एकावरही वन्संचं नाव नव्हतं, हे मात्र छातीठोक सांगते. तांब्यांवर माझं नाव, कारण ते माझ्या लग्नातले. पातेल्यांवर सासूबाईंचं. डब्यांच्या अख्ख्या उतरंडीवर सासऱ्यांच्या एकसष्टीची तारीख. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शरयू. त्यांचं लग्न झालं नाही, मग भांडी कोण देणार? तीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, त्यावरही डेपोचं नाव.

नवरा गेल्यापासून मिरजेच्या घरात आम्ही दोघीच राहत होतो. नणंद-भावजयीचं इतकं कसं पटतं म्हणून लोक विचारायचे. वन्सं म्हणायच्या, पटतंय कुठं, भांडतो की आम्ही, फक्त वेळापत्रकाप्रमाणे भांडतो.

मी मूळची भांडीवाल्याची मुलगी. सांगलीत नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान होतं, आणि आठवीत असल्यापासून नाव घालायचं मशीन माझ्या हातात. पेनासारखं असतं ते, घुर्र करतं आणि हाताला मुंग्या आणतं. लग्नसराईत दिवसाला शंभर-सव्वाशे नावं घालायची मी. 'चि. सौ. कां. हिस मामांकडून सप्रेम भेट' हे तर आजही झोपेत घालीन. नानांचा एकच नियम होता. आधी पॉलिश, नाव सगळ्यात शेवटी. पॉलिशवर घातलेलं नाव उठून दिसतं, नावावर पॉलिश मारलं की नाव मरतं. हा नियम माझ्या अंगात इतका मुरला होता की तो चुकीचा असू शकेल असा विचारही मनाला शिवला नाही. मुरलेल्या गोष्टींचं हेच वाईट असतं.

पुढे दुकानं बसली आणि मी कुपवाडच्या एमआयडीसीत 'दृढबंध' कंपनीत लागले. हाडं मोडली की आत बसवतात त्या स्टीलच्या पट्ट्या आणि स्क्रू आम्ही करायचो. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे माल घरबसल्या खपायचा. माझ्याकडे मार्किंगचं काम. हातात पेन नाही, समोर लेसर. बटण दाबलं की प्रकाशाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पट्टीवर धावतो आणि नंबर उमटतो. मी मनात म्हणायचे, नाना, बघा, तुमची पोरगी आता हाडांवर नावं घालते.

मग २०३९ साली तो कायदा आला. त्याआधी कुठंतरी मेलेल्या माणसांच्या अंगातल्या पट्ट्या काढून पुन्हा विकल्याचं प्रकरण झालं होतं. त्यामुळे ठरलं की शरीरात बसवलेल्या प्रत्येक तुकड्यावर नंबर हवा आणि तो माणूस जिवंत असेपर्यंत कातडीवरून वाचता आला पाहिजे. त्यासाठी यंत्र निघालं. कागदावर त्याचं नाव अंतर्वाचक, सगळे म्हणायचे गन. कातडीला जेली लावायची आणि गन टेकवायची. ती ध्वनिलहरी आत सोडते. आरशासारख्या गुळगुळीत स्टीलवरून लहरी सरळ परत येतात, खरबरीत खुणेवरून विखुरतात, आणि त्या फरकातून पडद्यावर नंबर दिसतो. कल्पना चांगलीच होती, तिच्यात खोट नव्हती. पण खूण जितकी खोल आणि खरबरीत तितका नंबर स्पष्ट, आणि नंबर स्पष्ट असला तरच माल 'अ' श्रेणीचा. दवाखाने 'अ'शिवाय हात लावायला तयार नव्हते. म्हणजे पट्टी कशी आहे हे बाजूला राहिलं, तिच्यावरची खूण कशी आहे यावर सगळं येऊन ठेपलं.

आमचा माल 'ब' होऊन परत यायला लागला.

त्याचं कारण तृप्ती उपाध्ये नावाच्या पोरीनं मला समजावून सांगितलं. ती आमची क्वालिटीची इंजिनिअर, वयानं माझ्या मुलीसारखी, पण बोलायला लागली की मास्तरीण. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही असं आपण म्हणतो, ते तसं नाही म्हणाली. त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर एक पापुद्रा धरतं. आपल्या केसाच्या जाडीचे वीस-पंचवीस हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका तो पातळ. तोच त्या स्टीलचं चिलखत. चरा पडला तरी ऑक्सिजन मिळाला की आपोआप भरून येतो. पण लेसर जिथं फिरतो तिथं धातू हजार अंशांवर तापतो, क्रोमियम वरच्या काळ्या करपलेल्या थरात जाऊन बसतं आणि खाली उरतं ते नुसतं उघडं लोखंड. म्हणून आधी खूण करायची आणि मग पट्टी आम्लाच्या बाथमध्ये बुडवायची. आम्ल करपलेला थर आणि सुटं लोखंड धुऊन काढतं आणि नवा पापुद्रा धरू देतं. फक्त त्यात खुणेच्या कडाही बोथट होतात. म्हणून गनला नंबर फिका दिसतो.

हे सगळं ऐकून माझ्या तोंडून काय निघालं असेल? नानांचं वाक्य. मी सरळ मगदूम साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते कंपनीचे मालक, माणूस तसा वाईट नव्हता, पण परत आलेल्या मालाच्या ढिगानं कावला होता. मी म्हटलं, साहेब, आपण उलटं करतोय. आधी बाथ करा, नाव शेवटी घाला. पॉलिशवर नाव उठून दिसतं.

पहिल्याच लॉटला शंभरातल्या अठ्ठ्याण्णव पट्ट्या 'अ' निघाल्या. दिवाळीत माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. कागदोपत्री क्रम जुनाच राहिला, कारण नवा क्रम लिहिला असता तर परवानगी घ्यावी लागली असती. त्या कागदांवर रोज सही करणारी मीच होते.

तृप्तीनं एक काम केलं. नव्या क्रमाची एक पट्टी बरणीत मिठाच्या पाण्यात घातली आणि बरणी माझ्या टेबलावर आणून ठेवली. तिसऱ्या दिवशी नंबरच्या आकड्यांभोवती तांबूस रेघा आल्या. मगदूम म्हणाले, माणूस म्हणजे काय बरणी आहे का. तृप्ती म्हणाली, साहेब, बरणीच आहे, रक्तही खारटच असतं. मी काय केलं? पट्टी बाहेर काढली, डब्यातली चिंच आणली आणि घासली. डाग गेला, पट्टी लखलख. मी ती तृप्तीला दाखवून म्हटलं, बघ, गेला की. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की आजही ती नजर आठवली की मान खाली जाते. भांडं रोज घासायला मिळतं, रोज वाऱ्यावर सुकतं. हाडावरची पट्टी कोण घासणार आहे? पुढच्या महिन्यात तिनं नोकरी सोडली. मी तिच्या जागी नव्या आलेल्या मुलाला सांगितलं, ती फार शिकलेली होती.

पण बरणी माझ्या डोक्यातून गेली नव्हती. ते मला पुढच्या वर्षी कळलं, वन्सं पडल्या तेव्हा.

बाजारातून येताना पाय मुरगळून पडल्या आणि नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टर म्हणाले, पट्टी टाकायला लागेल. वन्सं मला म्हणाल्या, घरची कंपनी आहे, चांगला माल आण, तीस वर्षं उभ्यानं काढलेला पाय आहे हा. मी गोदामात गेले. समोर नव्या 'अ' श्रेणीच्या पट्ट्यांची खोकी छतापर्यंत होती. मी त्यांना हात लावला नाही. मागे कोपऱ्यात तृप्तीच्या वेळचा, परत आलेला 'ब' श्रेणीचा माल पडला होता. आधी खूण, मग बाथ. त्यातून मी एक पट्टी निवडली. का निवडली ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. डॉक्टरांना गनवर फिका का होईना, नंबर दिसला, ओळखीचं काम म्हणून चालून गेलं.

इथंच थांबले असते तर वन्सं आज दोन्ही पायांवर उभ्या असत्या.

पट्टी हातात घेतली आणि मला वाटलं, ही वन्संसाठी आहे. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी स्टीलचं काही देतंय. मग त्यावर नाव नको? मी पट्टी उलटी केली, हाडाला टेकते ती बाजू, म्हणजे कुणाला दिसणार नाही. लेसरचा वेग कमी ठेवला आणि तो प्रत्येक अक्षरावरून दोनदा फिरवला, नाव काळंभोर यावं म्हणून. 'कु. शरयू'. इतकं सुरेख उमटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग पट्टी घेऊन मी बाथच्या टाकीपर्यंत गेले. अर्धा तास बुडवली असती तरी पुरलं असतं. टाकीशी उभी राहिले आणि मला नाना आठवले. नाव फिकं होईल. चार अक्षरं तर आहेत, म्हटलं, त्यानं काय होतंय. आणि परत फिरले.

नावाची गोष्ट मी वन्संना सांगितली नाही. कधीतरी पट्टी काढतील तेव्हा त्यांना दाखवायची, असं ठरवलं होतं. मनातल्या मनात मजा वाटायची. सहा महिन्यांत त्या चालायला लागल्या. बसस्टँडवर जाऊन जुन्या लोकांशी गप्पा मारून यायच्या आणि घरात शिरताना ओरडायच्या, "चला, पुढं सरका, मागं जागा आहे."

चौदाव्या महिन्यात नडगी दुखायला लागली.

आधी वाटलं थंडीमुळे असेल. मग सूज आली, कातडीवर निळसर झाक आली. डॉक्टरांनी गन लावली. पट्टी जुन्या, निर्धोक लॉटची, खूण जशीच्या तशी. पडद्यावर हिरवं आलं, म्हणजे पट्टी ठीक. मग पट्टी सोडून त्यांनी दुसरीकडे शोधायला सुरुवात केली. रक्त तपासलं, साखर तपासली, जंतुसंसर्ग समजून औषधं दिली. औषधानं चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. हाडाला टेकलेल्या बाजूला काय चाललंय ते गनला दिसत नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं.

तृप्तीनं तेही एकदा सांगितलं होतं. पट्टी आणि हाड यांच्यामधल्या फटीत खारट पाणी शिरतं आणि तिथंच अडकतं, त्यातला ऑक्सिजन संपतो. ऑक्सिजन नाही म्हणजे पापुद्रा पुन्हा धरत नाही. मग गंज खड्डा पाडतो, खड्ड्यातून तडा जातो, आणि चालताना प्रत्येक पावलाला तो तडा थोडा पुढे सरकतो. बाहेर काही दिसत नाही. आत धातूचे कण मांसात उतरत राहतात.

मग तुम्ही म्हणाल, बाई, तोंड उघडायला काय झालं होतं?

त्याच दिवसांत इतर जिल्ह्यांतून बातम्या यायला लागल्या होत्या. कुणाची मांडी सुजली, कुणाच्या मनगटातून काळं पाणी आलं. सरकारनं चौकशी समिती नेमली आणि समितीचे लोक कंपनीत येऊन कागद घेऊन गेले. मगदूमांनी आम्हाला बोलावून सांगितलं की कागदावर आहे तेच बोलायचं, दीडशे घरं आहेत या छपराखाली. कागदावर क्रम बरोबर होता आणि खाली माझी सही होती. मी दवाखान्यात जाऊन सांगितलं असतं की पट्टीच्या मागे नाव आहे आणि ते बाथनंतर घातलंय, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. बाकीच्या पट्ट्यांवरचे नंबरही बाथनंतरच घातले का? आणि उत्तर होतं, हो, नऊ हजार तीनशे.

म्हणून मी रोज म्हणायचे, उद्या सांगते. आज औषधानं गुण येईल. आज सूज जरा कमी वाटते. वन्संच्या पायाला मी हळदीचा लेप लावायचे आणि त्या म्हणायच्या, तुझ्या हाताला गुण आहे गं. सात आठवडे मी हे ऐकून घेतलं. मला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. हे मी कबूल करते, शोभत नसलं तरी.

आठव्या आठवड्यात सकाळी त्या अंगणात पाण्याचा नळ बंद करायला उतरल्या. एकच पायरी आहे. कट्कन आवाज झाला, तो मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मी तशीच धावले, अँब्युलन्स बोलावली आणि दवाखान्यात पोचायच्या आधी, गाडीतच, त्यांच्याबरोबरच्या डॉक्टरला सगळं सांगून टाकलं. इतकं सोपं होतं ते. दोन वाक्यं.

उशीर झाला होता. मांस काळं पडलं होतं, हाड मेलं होतं, विष वर चढत होतं. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

पट्टी डॉक्टरांनी धुऊन, पिशवीत घालून माझ्या हातात दिली. दोन तुकडे झाले होते. वरची बाजू आरशासारखी, नंबर ठीकठाक. मागची बाजू बघितली. नाव तसंच होतं. फक्त काळं नव्हतं, तांबूस झालं होतं आणि प्रत्येक रेघ आत खोल गेली होती, जणू कुणी पुन्हा पुन्हा गिरवली होती. तडा 'र'मधून गेला होता.

वन्सं शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी मी पिशवी त्यांच्या पांघरुणावर ठेवली आणि नावाबद्दल सांगितलं. बाथच्या टाकीपासून परत फिरले तेही सांगितलं. सात आठवडे गप्प बसले तेही. त्यांनी दोन्ही तुकडे जुळवून धरले, चष्मा लावला, वाचलं. बराच वेळ वाचत होत्या.

"माझं नाव घातलंस होय?" म्हणाल्या. "कुणी घातलं नव्हतं कधी."

त्या मला रागावल्या नाहीत. मी रडायला लागले तर म्हणाल्या, आता रडून पाय येणार आहे का, नाक पूस. मग म्हणाल्या, समितीपुढं जा आणि सगळं सांग, मी पण येते, मला ऐकायचंय. मला वाटलं त्यांनी मला माफ केलं. आणि खरं सांगते, केलं होतंच, तोपर्यंत.

समितीची बैठक सांगलीत होती. एक लांब टेबल, तीन माणसं, पंख्याचा आवाज. वन्सं चाकाच्या खुर्चीत मागच्या भिंतीशी बसल्या होत्या. मी बोलले. क्रम कुणी बदलला, कुणाच्या सांगण्यावरून, कागदावर खोटं कसं लिहिलं. मगदूमांचं नाव घेतलं, माझंही घेतलं. पुरावा म्हणून पट्टीचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. मधल्या बाईंनी ते उचलले आणि वरचा नंबर समोरच्या यादीत बघितला. त्यांनी आवाज चढवला नाही, काही नाही, नुसतं विचारलं.

"ही पट्टी परत आलेल्या मालातली आहे. गोदामात 'अ' श्रेणीच्या हजारो नव्या पट्ट्या होत्या. घरच्या माणसासाठी तुम्ही ही का निवडलीत?"

मी वळून बघितलं नाही, पण मागे वन्सं ऐकताहेत हे पाठीला कळत होतं. म्हणाले, "मला भीती वाटत होती. नव्यांची."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

ते लिहून घेतलं गेलं, आणि तुकड्यांचे फोटो काढून ते वन्संना परत दिले. मी सही केली. याआधी हजारो वेळा केली होती, ही पहिली खरी.

त्या आठवड्यापासून नऊ हजार तीनशे माणसांना बोलावणी जायला लागली. काहींच्या पट्ट्या वेळेत निघाल्या. काहींचे पत्ते सापडले नाहीत. काहींच्या घरी पत्र पोचलं तेव्हा माणूसच नव्हता. मगदूमांना अटक झाली, मला जामीन मिळाला, खटला अजून चालू आहे. दीडशे घरांपैकी कुणी माझ्याशी बोलत नाही, आणि बोलावं असं मी म्हणतही नाही.

बैठकीहून घरी आल्यावर मी चहा केला तर वन्संनी घेतला. संध्याकाळी मला समोर बसवलं.

"माझ्या पायाचं सोड," म्हणाल्या. "चूक झाली, मायेनं झाली, भीतीनं वाढली. ते मी गिळलं असतं. पण तीस वर्षं मी गाडीत उभी राहिले ज्योत्स्ना, आणि दार लागत नसलं तर गाडी हलू दिली नाही मी. तू मला एकटीला खाली उतरवलंस आणि बाकीच्यांना घेऊन घंटी मारलीस."

मी म्हटलं, वन्सं, तुम्ही माझ्या होता. त्या म्हणाल्या, तेच तर.

चार दिवसांनी तासगावहून त्यांची जुनी मैत्रीण, डेपोतलीच, रिक्षा घेऊन आली. मी विचारलं, परत कधी येणार. वन्संनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. भिंतीवरचं घड्याळ काढून देऊ का म्हटलं, तर नको म्हणाल्या. डबे, तांबे, पातेली, काही नको. एक पिशवी साड्यांची, आणि कनवटीला रुमालात गुंडाळलेले ते पट्टीचे दोन तुकडे. या घरात त्यांच्या नावाची तेवढीच वस्तू होती, तेवढीच घेऊन त्या गेल्या.